शनिवारचं दार

अब्राहम वाक्रुळकर धापा टाकत जिना चढून वर आले तेव्हा त्यांच्या हातात झाकणाची वेताची टोपली होती, आणि टोपलीत काहीतरी घुमत होतं.

"दिवेकर, चोर मेलाय," ते दारातूनच म्हणाले. "पण चोरी सिद्ध करून हवी."

काशीराम सोडावाल्याने हातातली बाटली खाली ठेवली. त्याचं दुकान खाली आणि मोझेस दिवेकरांची खोली वर. मुंबई पोलिसात उमेदीची वर्षं घालवून दिवेकरांनी पनवेलला खासगी तपासाची पाटी लावली, तेव्हापासून काशीराम प्रत्येक प्रकरणात त्यांच्या मागे हिंडायचा आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घ्यायचा. त्यात त्याने कधी खंड पडू दिला नव्हता.

"बसा," दिवेकर म्हणाले. "चोर कोण?"

"ताहेर मुकादम."

ताहेर मुकादम म्हणजे छत्रीवाले ताहेरमियाँ! त्यांना जाऊन पाच महिनेही झाले नव्हते. त्यांची आणि अब्राहमची यारी कोणी पाहिली नव्हती? शुक्रवारी ताहेरमियाँ नमाजाला गेले की त्यांच्या गल्ल्यावर हा बेने इस्रायली ज्यू बसायचा आणि छत्रीच्या काड्यांचा भाव अगदी त्यांच्याच आवाजात सांगायचा. दोघांनाही कबुतरांचं वेड. शर्यतीची पाखरं एकाच लॉरीतून साताऱ्याला जायची, तिथून सोडली की डोंगर ओलांडून आपापल्या घरी परतायची.

मग दोन वर्षांपूर्वीच्या शर्यतीत अब्राहमचं दर्या नावाचं पाखरू परतलंच नाही आणि ताहेरमियाँचं पाखरू पहिलं आलं. त्याच संध्याकाळी भर बाजारात अब्राहम ओरडले, "माझं पाखरू यानंच लांबवलं! चोर आहे हा!" ताहेरमियाँ छत्री उचलून घरी गेले. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

"काल, बुधवारी सकाळी, मी दाणे टाकत होतो," अब्राहम सांगू लागले. "हा दर्या फळीवर उतरला, उघड्या दारातून आत गेला आणि आपल्या जुन्या खणात जाऊन बसला. जसा काही परवाच गेला होता. पाण्याकडे बघितलंसुद्धा नाही."

दिवेकरांनी कबूतर हळूच बाहेर काढलं. राखी-निळं, छातीत भरलेलं. उजवा पंख पसरला तर त्यावर पांढऱ्या पिसांची एक अरुंद पट्टी दिसली.

"ही पूर्वी नव्हती ना? पंख मोडला होता याचा. जखम भरली की तिथलं पीस कधी कधी असं पांढरं येतं. कुणीतरी कामट्या बांधून छान सांधलाय. आणि शेपटीची टोकं पाहा, तारेला घासून झिजलीत. नखंही वाढलीत. अलीकडे बरेच दिवस पिंजऱ्यात होता."

"ताहेरच्याच पिंजऱ्यात! मला माहीत आहे. तुम्ही फक्त सिद्ध करा."

"अहो, मेलेल्या माणसाला चोर ठरवून तुम्हाला काय मिळणार?" काशीरामला राहवेना.

अब्राहमचा चेहरा एकदम उतरला. "रविवारी आम्ही निघतोय. मुलगा इस्रायलला बोलावतोय, घर विकलं. परत येणं नाही. काशीराम, मी त्याच्या मय्यतीला गेलो नाही रे. समोरून जनाजा गेला आणि मी खिडकी लावून घेतली. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. माझं खरं होतं एवढं तरी कळू दे. नाहीतर हे ओझं घेऊन मी त्या परक्या मुलखात कसा मरू?"

दिवेकरांनी कबूतर परत टोपलीत ठेवलं. "मी शोधतो," ते म्हणाले. "मात्र जे निघेल ते ऐकावं लागेल."

अब्राहमच्या घरी ट्रंका भरण्याचं काम चाललं होतं. सोफीबाई भांडी कागदात गुंडाळत होत्या. एकेका वाटीपाशी थांबत होत्या.

गच्चीवर लाकडी कबुतरखाना होता. आता जेमतेम आठ-दहा पाखरं उरली होती. दिवेकरांनी दार लावून घेतलं आणि बाहेरची फळी निरखली. बंद दाराच्या खालच्या अंगाला नखांचे ओरखडे होते. दाराला लागून फळीवर विष्ठेचे वाळलेले थरावर थर होते.

"उंदीर," काशीराम म्हणाला.

"उंदराला चोच असते का रे?" दिवेकरांनी एका बारीक टोच्याकडे बोट दाखवलं. "सोफीबाई, वर कधी काही वाजायचं?"

"वाजायचं ना. शनिवारी सकाळी. हे सिनेगॉगमध्ये, मी खाली पडलेली. वर आपली टकटक टकटक. म्हटलं, मेला कावळा असेल. हल्ली किती तरी दिवस ऐकलं नाही."

"शनिवारी दार बंद असतं?"

"शब्बाथ ना, विसाव्याचा दिवस," अब्राहम म्हणाले. "तुम्ही आपल्यातलेच, तुम्हाला काय सांगायचं? पाखरं सोडली की संध्याकाळी आत घेऊन दार लावायला हवं आणि जिवंत पाखराला कोंडणं त्या दिवशी वर्ज्य. उघडं टाकलं तर मांजर शिरतं. म्हणून शुक्रवारी दिवेलागणीला दार लावतो, ते शनिवारी चांदण्या दिसल्यावर उघडतो."

"पण पूर्वी शनिवारीही उडायची की," सोफीबाई बोलून गेल्या.

"पूर्वीचं सोड," अब्राहम तुटकपणे म्हणाले.

गच्चीवरून ताहेरमियाँचं घर फार लांब नव्हतं, पण मधे एक दांडगी चिंच होती. तिच्यापलीकडे त्यांच्या गच्चीचा नुसता कठडा दिसत होता.

पाखरांच्या टोपल्या साताऱ्याला नेणारा गणू उरण नाक्यावर लॉरीखाली झोपलेला सापडला. काशीरामचा सगळा संशय आता याच्यावर होता. वाटेत दर्या विकला असणार आणि ज्याने घेतला त्याच्याकडून तो सुटला असणार!

"इकला?" गणू ताडकन उठला. "माज्या पोराची आन! सगली पाखरां आमी साताऱ्याला सोडली. दर्या सगल्यांच्या फुडं व्हता. आबाल साफ व्हतं, पन ससाना फिरत व्हता."

"मग?"

"मंग काय? सांजच्याला बाजारात त्यो तमाशा झाला. दुसऱ्या दिशी मी पेनला माल घेऊन चाललो, तं ताहेरशेट कर्नाल्याच्या रानाशी गावला. पायात चप्पल नाय, काट्यांनी पाय फाटल्यालं. कोलसा पाडनाऱ्या कातकऱ्यांना इचारीत व्हता, निलं कबूतर पडल्यालं बगितलंव का."

"हे अब्राहमशेटना सांगितलंस?"

"सांगितलं ना. ते म्हनले, जालं लावाया गेला आसंल."

परतताना दिवेकरांनी नेहमीप्रमाणे काशीरामची थट्टा केली नाही, तेव्हा काशीरामला जरा काळजी वाटली.

ताहेरमियाँच्या बेवा हाजराबी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. अंगावर पांढरी ओढणी, मनगटं रिकामी.

"परवा मंगळवारी इद्दत संपली, विधवेचे चार महिने दहा दिवस," त्या म्हणाल्या. "कबूतर? नाही भाई. ते गेल्यावर सगळी पाखरं विकून टाकली मी. आता वर काही नाही."

बोलताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. दिवेकरांनी गच्ची पाहायला मागितली. वर पिंजरे रिकामे होते. एकाच पिंजऱ्याचं दार सताड उघडं होतं आणि त्यातल्या वाटीत पाणी होतं, स्वच्छ पाणी. शेजारी चिंचेकडे तोंड केलेली एक मोडकी खुर्ची होती.

"इथे कोण बसायचं?"

हाजराबींनी खुर्ची सरळ केली. "तेच. आजारपणातसुद्धा, पार अंथरूण धरेपर्यंत, शनिवार चुकवला नाही. सकाळी वर यायचे आणि अब्राहमभाईच्या घराकडे बघत बसायचे. चहाचं पाणी होऊन जायचं. मी म्हणायची, चला खाली, तुमच्या दोस्ताला तुमची याद नाही. मय्यतीला तरी आले का ते? सांगा ना भाई, आले का?"

काशीरामने मान फिरवली. या बाईला आणखी काही विचारायची त्याची छाती होईना. दिवेकरांनीही विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाले, "हाजराबी, ताहेरभाईंच्या नावाला बट्टा लागू द्यायचा नाही मला. उद्या दुपारी गच्चीवर असा."

शुक्रवारी दुपारी अब्राहमच्या गच्चीवर सगळे जमले. ऊन कलायला अजून वेळ होता.

"दर्याला बाहेर सोडा," दिवेकर म्हणाले, "आणि दार लावून घ्या."

"काय? दोन वर्षांनी आलाय तो!"

"लावा."

अब्राहमने दार लावलं. दर्याने घरावर एक घिरटी घातली आणि फळीवर उतरला. दार बंद पाहून तो थबकला. मग चोचीने दारावर मारू लागला. टकटक. टकटक.

सोफीबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगंबाई, हाच! शनिवारचा आवाज हाच!"

दर्या बराच वेळ टोचत राहिला, नखांनी दार खरवडत राहिला. कोणी उघडेना, तसा तो उडाला आणि चिंचेवरून थेट ताहेरमियाँच्या गच्चीत उतरला.

"बघा!" अब्राहम ओरडले. "मी सांगत नव्हतो? तिथेच होता! चोर!"

"तिथेच होता," दिवेकर शांतपणे म्हणाले. "लांबून आलेलं पाखरू आधी पाण्यावर पडतं. बुधवारी हा पाण्याकडे फिरकलासुद्धा नाही, म्हणजे जवळूनच आला होता. पण अब्राहम, तुम्ही ताहेरभाईंना चोर म्हणालात शर्यतीच्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी ते अनवाणी कर्नाळ्याच्या रानात याला शोधत होते. ज्याच्या घरात पाखरू आहे, तो ते रानात कशाला शोधेल?"

अब्राहमने चिंचेपलीकडे पाहिलं.

"ससाण्याने याचा पंख मोडला होता. ताहेरभाईंना तो सापडला. छत्रीच्या काड्या सरळ करणारा हात त्यांचा, त्यांनी पंख सांधला. पण आता परत कसा द्यायचा? हातात घेऊन आले असते तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

"म्हणालो असतो…" अब्राहमचा आवाज बसला. "म्हणालो असतो, बघा, चोरीचा माल घेऊन आला."

"म्हणून याने आपल्या आपण घरी यावं असं त्यांनी ठरवलं. तेही तुम्ही बघत नसताना. त्यांच्या गच्चीवरून येताना तुम्ही पाहिलं असतं तर तोच आरोप. तुम्ही गच्चीवर नसता असा वार एकच. शनिवार. तुम्ही सिनेगॉगमध्ये. संध्याकाळी वर याल आणि दर्या आपल्या खणात बसलेला दिसेल, कुणी पाठवला ते कळणारसुद्धा नाही."

"मग लांब नेऊन का नाही सोडला दुसऱ्या वारी?" काशीरामने विचारलं.

"सांधलेला पंख होता, काशीराम. पुन्हा ससाण्याच्या तोंडी द्यायचा धीर झाला नसेल. म्हणून दर शनिवारी इथूनच सोडायचे आणि खुर्चीत बसून वाट बघायचे. हा इथे यायचा, दार ठोठावायचा आणि परत जायचा. ताहेरभाई अंथरुणाला खिळले तशी टकटक थांबली. परवा इद्दत संपल्यावर हाजराबींनी पिंजरा उघडला. शनिवारच का, ते त्यांना माहीत नव्हतं. तो बुधवार होता आणि बुधवारी तुमचं दार उघडं असतं."

"पण शनिवारी दार बंद असतं हे ताहेरमियाँना ठाऊक नव्हतं?" काशीराम गोंधळला. "एवढे जिवलग दोस्त!"

"त्यांच्या लेखी शनिवारी हे दार उघडंच असायचं. शुक्रवारी त्यांच्या गल्ल्यावर कोण बसायचं रे? तसं शनिवारी इथे कोण यायचं? अब्राहम, तुम्हीच सांगा."

अब्राहम खाली बसले. दारावरच्या ओरखड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"ताहेर," शेवटी ते म्हणाले. "वीस वर्षं. सकाळी येऊन पाखरं सोडायचा, संध्याकाळी आत घेऊन दार लावायचा. भांडणानंतर सोफी म्हणाली, दुसरा कुणी ठेवा. मी ठेवला नाही. त्याची जागा दुसऱ्याला द्यावीशी वाटली नाही मला."

"आणि त्यांना वाटलं, त्यांच्या जागी कुणीतरी आला असेल; मधल्या चिंचेमुळे बंद दार त्यांना दिसायचं नाही. तेवढंच चुकलं त्यांचं."

जिन्यावर पावलं वाजली. हाजराबी वर आल्या. ओढणीखाली दोन्ही हातांत दर्या होता. ज्या घराची पायरी दोन वर्षं चढल्या नव्हत्या, त्या घराच्या गच्चीवर त्या उभ्या होत्या.

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "ते गेल्यावर लोकांनी त्यांना चोर म्हणू नये म्हणून. पण अब्राहमभाई, एक सांगते. शेवटच्या दिवसांत ते सारखं एकच म्हणायचे. अब्राहमने पाखराला ओळखलं, आणि ओळखून दार लावून घेतलं. माझं पाठवलेलं त्याला नको."

अब्राहमने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि पोरासारखे रडू लागले. "मी नाही गं लावलं! तो येत नव्हता म्हणून ते बंद होतं. उघडायचं काम त्याचं होतं गं, त्याचं होतं!"

प्रकरण सुटलं होतं, पण सुटल्याचा आनंद काशीरामला शोधूनही सापडेना.

ऊन उतरलं. खाली सोफीबाईंची दिव्याची वेळ झाली. अब्राहम उठले. त्यांनी हाजराबींच्या हातून दर्याला घेतलं, खणात ठेवलं आणि शब्बाथ लागायच्या आत दार लावलं. लावताना त्यांचा हात दारावर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिनेगॉगमधून लोक बाहेर पडले तेव्हा काशीराम दुकानासमोर फडकं मारत होता. अब्राहम रस्त्याच्या मधोमध उभे राहून वर बघत होते. त्यांच्या गच्चीवर आठ-दहा पाखरं घिरट्या घालत होती आणि एकाच्या उजव्या पंखात पांढरी रेघ होती.

गच्चीच्या कठड्याशी पांढरी ओढणी घेतलेली बाई दाण्यांचं भांडं वाजवत होती.

"दार मी लावीन संध्याकाळी," हाजराबींनी वरून सांगितलं. "आणि उद्या तुम्ही गेलात की पाखरं माझ्याकडे नेते. दर्या इकडे आला तर त्याला परत न्यायला मी येत जाईन."

अब्राहम घरात गेले नाहीत. टोपी सावरली आणि शब्बाथला कबरीवर जात नाहीत हे ठाऊक असूनही, त्या कपड्यांतच, आयुष्यात पहिल्यांदा, ताहेरच्या कबरस्तानाच्या वाटेला लागले.