तीन सेंटिमीटर जास्त

कोपनहेगनला जायला न्यूबोर्गहून बोट सुटली तेव्हा पाऊस लागलेला होता. आतली सगळी बाकं भरलेली, म्हणून मी डेकवर छपराखाली उभी राहिले. खांद्याला दोरीच्या लडींची जड पिशवी. शेजारी एक उंच तरुण, आणि त्याच्या पायाशी त्याच्याच कोटात गुंडाळलेलं काहीतरी. स्वतः मात्र तिरप्या पावसात नुसत्या शर्टात भिजत होता.

त्याने माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि कोट बाजूला केला. आत खुर्ची होती.

"बसा ना," तो म्हणाला.

मी पाहिलं. चार पाय होते, पाठ होती, हातसुद्धा होते… बैठक मात्र नव्हती.

"कशावर बसू? हवेवर?"

तो कानापर्यंत लाल झाला. "अरे हो… माझ्या डोळ्यांना ती पूर्णच दिसते हो!"

त्याचं नाव एस्किल. ओडेन्सला एका सुतारकारखान्यात कामाला होता. सात महिने खपून त्याने ही खुर्ची घडवली होती आणि चार दिवसांनी कोपनहेगनच्या फर्निचर प्रदर्शनात ती मांडायची होती. पण बैठक विणून देणारे म्हातारे गृहस्थ जिन्यावरून घसरले आणि मनगट मोडून घरी बसले. राजधानीत कुणी विणणारं मिळतं का, ते बघायला तो निघाला होता.

"प्रदर्शनाच्या आठवड्यात? कुणी हात लावणार नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत?"

मी पिशवी उघडून दाखवली. कागदाला पीळ देऊन केलेली दोरी, सहा खुर्च्यांना पुरून उरेल एवढी. "मी हेच करते. फोबोर्गला बाबांचं दुकान आहे."

तो इतका वेळ माझ्याकडे बघत राहिला, की मला समुद्राकडे बघावं लागलं.

"देवच भेटला म्हणायचा!"

"देव नाही, माझं नाव मारेन. आणि मी अजून हो म्हटलेलं नाही."

बोट पलीकडे लागायच्या आत मी हो म्हटलं होतं.

दोरी खरं तर कोपनहेगनच्या थ्यूरा आत्याच्या सहा खुर्च्यांसाठी होती. पंचवीस वर्षांची जुनी वीण काढून नवी घालायला तिने मला बोलावलं होतं. दारात मी, मागे एक भिजलेला तरुण आणि त्याच्या डोक्यावर खुर्ची… हे पाहून आत्याने कमरेवर हात ठेवले.

"सहा कमी होत्या म्हणून सातवी आणलीस?"

"फक्त दीड दिवस, आत्या."

"खुर्ची दीड दिवसच राहील गं. तो किती दिवस राहणार, ते सांग!"

एस्किलने खुर्चीआड तोंड लपवलं.

विणायच्या आधी मी नेहमीप्रमाणे माप घेतलं आणि थांबले. पुन्हा घेतलं.

"ही उंच आहे," मी म्हटलं. "तीन सेंटिमीटर जास्त. माझ्यासारखीचे पाय अधांतरी राहतील, आणि पुढची पट्टी मांडीत रुतेल. अर्ध्या तासात मुंग्या येतील."

"मी सात महिने हे प्रमाण शोधत होतो." त्याचा आवाज बदलला. "पाय कापले तर ती ठेंगणी दिसेल."

"दिसेल. पण बसायचंय कुणाला? बघणाऱ्याला का?"

"मला फक्त विणणारी हवी होती."

"मग विणते. पण मापाला चांगलं म्हणायला लावू नका."

तो टोपी उचलून निघून गेला. खुर्ची तशीच खिडकीपाशी उभी. मी आत्याची पहिली खुर्ची उसवायला घेतली, पण गाठी काही धड सुटेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. एस्किल उभा होता, हातात करवत. डोळे तांबारलेले.

"काल ट्रामच्या थांब्यावर बसलो होतो," तो दारातूनच सांगायला लागला. "बाकावर येणाऱ्या प्रत्येक बाईचे पाय बघत."

"अरे देवा! पोलीस नाही आले?" आत्या आतून ओरडली.

"बाक माझ्या खुर्चीएवढाच उंच. सगळ्यांचे पाय लोंबकळत होते," तो हळूच म्हणाला. "मी माझ्याच पायांचं माप घेतलं होतं, मारेन. तुम्ही बरोबर होतात."

त्याने खुर्ची उलटी करून करवत चालवली. चारही पाय कापले, खुर्ची टेकवली… आणि ती डुगडुगली. मग आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून, गाल फरशीला लावून, कुठला पाय आखूड ते बघायला लागलो. मध्ये फक्त खुर्चीचा पाय. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा अडकला होता. फुंकर मारावीशी वाटली. मारली नाही.

"डावा," मी म्हटलं.

"काय?"

"डावा पाय आखूड आहे. माझ्याकडे काय बघताय?"

विणायला बसले तेव्हा तो दोरी पुरवायला लागला. बाहेर पाऊस, आत दोरीची चर्र चर्र. त्याला खुर्च्यांचं वेड होतं, आणि बोलायला लागला की चेहरा उजळायचा.

"हजारो वर्षं पाठ असलेल्या खुर्चीवर बसायचा तो राजा किंवा धर्मगुरू. बाकीच्यांना बाक, पेटारा, नाहीतर तिपाई. राजाचं आसन इतकं उंच, की पायाखाली चौरंग ठेवावा लागायचा."

"म्हणजे तुम्ही राजाचीच खुर्ची केली होतीत. चौरंग मात्र विसरलात!"

तो इतका हसला की हातातली दोरी सैल झाली.

"अरे, ओढून धर! सोडू नकोस!" मी ओरडले.

'अहो-जाहो' कुठल्या कुठे गेलं होतं.

"काय म्हणालात?"

"दोरी… दोरी सोडू नकोस म्हटलं."

"नाही सोडणार," तो म्हणाला. दोरीकडे न बघता.

स्वयंपाकघरात आत्याचा खोकला एकदम वाढला.

प्रदर्शनात बक्षीस दुसऱ्याच कुणाला तरी मिळालं. चकचकीत सागवानाच्या खुर्च्यांपुढे गर्दी होती. एस्किलची खुर्ची कोपऱ्यात. पण दुपारी एक बुटकी, वयस्कर शिक्षिका तिच्यावर येऊन टेकली. दोन्ही पावलं जमिनीवर ठेवली, बूट काढले आणि डोळे मिटले. वीस मिनिटं उठली नाही. लोक थांबून बघायला लागले. खुर्चीपुढच्या पाटीवर एस्किलच्या नावाखाली, तेवढ्याच अक्षरांत, लिहिलं होतं: 'वीण आणि माप: मारेन.' मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ती पाटी तीनदा वाचली.

तिथेच एका कारखानदाराने एस्किलला गाठलं. त्याला खुर्ची हवी होती, एस्किलही हवा होता. दूर जटलंडला, कायमच्या नोकरीवर. अट एकच. विणीला फार वेळ जातो, म्हणून बैठक रबराची आणि वर रेक्झिन.

"विचार करून सांगतो," एस्किल म्हणाला.

"घे ती नोकरी," मी पटकन म्हटलं. अशा वेळी आवाज शहाण्यासारखा येतो, हे एक बरं असतं. "माणसाला असं दोनदा बोलावत नाहीत."

दोन दिवसांनी माझी परतीची गाडी होती. आत्याची सहावी खुर्ची संपवत होते. पाऊस थांबला होता, खिडकीत ऊन आलं होतं. तो आत आला आणि माझ्यासमोर फरशीवरच मांडी घालून बसला.

"सांगून आलो. त्या कारखानदाराला म्हटलं, रबराच्या बैठकीची वेगळी खुर्ची आखून देईन. ती ओडेन्सहूनही आखता येते. ही देणार नाही."

"वेडा आहेस का?"

"थोडा. मारेन… खुर्चीचा एक दोष माझ्या लक्षातच आला नव्हता. तिच्यावर एकालाच बसता येतं."

माझ्या हातातली दोरी थांबली.

"म्हणून आता बाक करायचा म्हणतो," तो खाली बघत म्हणाला. "दोघांसाठी. फोबोर्गला येऊन तुझ्या बाबांना विचारीन… पण आधी तुला विचारतो. करू?"

"रुंद किती?"

"मध्ये जागा उरणार नाही एवढा."

मी उरलेली दोरी हळूहळू बोटांवर गुंडाळली. डोळे भरले होते, आणि हसूही येत होतं.

"बाकाची वीण म्हणजे आठवड्याचं काम आहे, एस्किल."

"मला घाई नाही."

"मला आहे," मी म्हटलं.