भुवईवरची सरकती रिंग

मी जिना चढत होते, तो उतरत होता, आणि आम्ही एकमेकांत अडकलो. अक्षरशः. माझ्या भुवईतली रिंग त्याच्या स्वेटरच्या बाहीत गुंतली.

"हलू नका!"

"मी हलतेय? बाही तुमची आहे!"

त्याने एकेक धागा सोडवला. बोटं विलक्षण हलकी. रिंग सुटली तरी तो बघतच राहिला… मी उगीचच केस सावरले.

"सरकलीय," तो म्हणाला. "दोन भोकांमधली कातडी पातळ झालीय."

झालं! म्हणजे बघत होता ते हे.

तळमजल्यावरचं कान-नाक-भुवया टोचण्याचं दुकान त्याचं. वरच्या प्रयोगशाळेत मी पाणी तपासते. शरीर परक्या वस्तूला हळूहळू बाहेर ढकलतं, हे मला ठाऊक होतं. माझंच शरीर असला आगाऊपणा करेल, हे नव्हतं. त्यात आईशी कडाकडा भांडून टोचून घेतलेली. काढली की "तरी मी सांगत होते" सुरू!

त्याने रिंगच्या जागी किंचित वाकडी दांडी बसवली. मिठाच्या पाण्याने धुवा, त्या कुशीवर झोपू नका, हात लावू नका, दर शनिवारी दाखवा.

शनिवार येत गेले. "तुम्ही"चं "तू" झालं. दांडी मात्र सरकतच होती.

"हात लावतेस?"

"छे! फक्त मोजते. व्हर्नियर मोजपट्टीने, रोज सकाळी."

त्याने कपाळावर हात मारला. "अगं बाई, मोजायला धरावी लागते ना ती!"

"न मोजता कळणार कसं?"

"मी आहे ना बघायला!"

मी मोजणं सोडलं, पण उशीर झाला होता. कातडीखालून धातू चमकायला लागला.

"आज काढू," एका शनिवारी तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. "खरं तर मागच्याच वेळी काढायला हवी होती."

"मग का नाही काढलीस?"

तो हातमोजे ओढत राहिला.

"अरे, बोल की!"

"काढली असती तर… तू आज कशाला आली असतीस?"

मी ताडकन उठून बसले. "कातडी माझी आहे! व्रण राहिला असता म्हणजे?"

"चुकलं. कामात असं कधी केलं नव्हतं मी." त्याचे कान लाल झाले होते.

राग खरा होता. तरी पुन्हा आडवी झाले, कारण दांडी काढायची होतीच. ती अलगद निघाली. आई जिंकली. पण माझ्या डोक्यात आई नव्हतीच. आता शनिवारचं काय, एवढंच होतं.

"पुन्हा टोचशील?"

"काही महिने तरी नाही. आणि ही जागा टिकेल असं वाटत नाही."

"मग मी यायचं कशाला?"

"जखम बघायला…"

"ती आरशात दिसते."

"मग—मला बघायला."

"एवढं बोलायला माझी अर्धी भुवई खर्ची घातलीस? शनिवारी मी येणार नाही!"

त्याचा चेहरा पडला. मला हसू आवरेना.

"उद्याच भेटू. दुकान बंद ठेव आणि बाहेर ये."