सल्ला द्यायचा नाही

अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या एसटीत आचल खिडकीशी टेकून नोट्स चाळत होती. मूर्तिजापूरला एक उंचपुरा माणूस चढला, शेजारी बसला आणि बसल्या बसल्या म्हणाला, "मॅडम, त्या बाजूले बसा. इकडं बडनेऱ्यापर्यंत ऊन लागते."

"मला ऊन चालतं."

"आता चालते, मंग डोकं दुखते. आन् चालत्या गाडीत वाचू नका."

आचलने सरळ डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. तर या गृहस्थाने पुढच्या सीटवरच्या आजीला गुडघ्याला कोणतं तेल लावायचं ते सांगितलं आणि कंडक्टरच्या मुलाने बारावीनंतर काय करावं तेही ठरवून टाकलं. बडनेरा आलं तेव्हा आचलचं डोकं खरंच ठणकत होतं. उन्हाने की त्याच्या बडबडीने, देव जाणे!

आणि अमरावतीत शालेय समुपदेशनाच्या पदविकेच्या वर्गात पाऊल टाकते तर काय... हाच प्राणी पहिल्या बाकावर!

गजेंद्र वानखडे. मूर्तिजापूरच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक. मागच्या वर्षी तो या पदविकेच्या प्रात्यक्षिकात नापास झाला होता, आणि कारण अगदी सरळ होतं. समुपदेशकाने सल्ला द्यायचा नसतो. समोरच्याचं ऐकायचं, त्याची भावना ओळखून ती त्याला बोलून दाखवायची, वाट त्याची त्याला सापडू द्यायची. या वर्षीही तो नापास झाला, तर शाळा समुपदेशकाचं काम दुसऱ्या कुणाला देणार होती. वर्ग घेणाऱ्या रश्मी मॅडमनी सरावासाठी जोड्या लावल्या आणि हे ध्यान आचलच्या गळ्यात पडलं.

"सर, मी आठवीतली मुलगी आहे," आचल सुरू करायची. "माझी मैत्रीण माझ्याशी बोलत नाही."

"दुसरी मैत्रीण कर."

"सर! भावना!"

"हां... तुले वाईट वाटून राहिलं."

"छान. पुढे?"

"मंग दुसरी मैत्रीण कर."

आचल कपाळावर हात मारून घ्यायची. असा प्रत्येक शनिवार. पण तोच माणूस सराव संपला की घरच्या झाडाचं संत्रं सोलायचा, बिया काढायचा आणि फोडी गुपचूप तिच्या हातावर ठेवायचा... तेव्हा मात्र तोंडातून चकार शब्द नाही. थंडी सरता सरता एका शनिवारी आचलने एसटीत शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली आणि तिथं बसायला आलेल्या बाईंना सांगितलं, "इथं कोणीतरी येतंय, मूर्तिजापूरला." सांगून झाल्यावर तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी आचल त्याच्यासमोर अडचण घेऊन बसणार होती. अडचण खरी हवी, बनावट असली की बाहेरून आलेले परीक्षक लगेच ओळखतात. बहीण न विचारता माझे कपडे घालते, एवढंच सांगायचं तिने ठरवलं होतं. पण घरून निघताना बाबांनी बॉम्ब टाकला होता, आणि तिच्या तोंडून तेच बाहेर पडलं.

"उद्या मला पाहायला पाहुणे येणार आहेत. बाबांनी परस्पर बोलावले. मुलगा पुण्याचा... सगळे म्हणतात, स्थळ चांगलं आहे."

गजेंद्रची मूठ गुडघ्यावर आवळली गेली. ओठ उघडले. आचलला सल्ला अगदी दातांपर्यंत आलेला दिसला, आणि आज पहिल्यांदाच तिला तो हवा होता. म्हण ना रे, नको करू म्हण! पण तो बोलला की नापास. परीक्षक पेन घेऊन बसलेले. तिचा जीव टांगणीला लागला.

गजेंद्रने मूठ सोडली. "तुमची... घुसमट होऊन राहिली."

"हो."

"आन् तुमाले काय पाहिजे, हे कोणी इचारलंच नाही."

"नाही विचारलं."

"मी इचारून राहिलो." आणि मग तो गप्प बसला. तो! गप्प!

त्या शांततेत आचलला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "मला नाही म्हणायचंय. आजच."

परीक्षकांनी मान डोलावली. गजेंद्र पास झाला.

बसस्टँडवर येताच आचलने बाबांना फोन लावला. "बाबा, उद्या पाहुण्यांले नका बोलावू. मले हे स्थळ नाही करायचं." पलीकडे बाबा आधी गरजले, मग नरमून म्हणाले, "घरी ये, बोलू." तिने फोन ठेवला आणि गजेंद्रकडे वळली.

"साऱ्या एसटीले अक्कल वाटता, आन् मी तिथं बसली तं तोंडाले कुलूप?"

"तुमीच तं शिकवलं ना बाप्पा!" तो काकुळतीला आला. "आता परीक्षा झाली. एक सल्ला देऊ काय?"

"द्या एकदाचा!"

"तुमच्या बाबाले सांगा, मूर्तिजापूरले एक स्थळ हाये. पोरगा मास्तर हाये, घरी संत्र्याची झाडं हायेत... बोलते जरा जास्त."

आचलला हसू फुटत होतं. पण एवढा छळ सोसल्यावर ती त्याला स्वस्तात सोडणार नव्हती. "हा सल्ला झाला, सर. भावना कोणती?"

जगाला शहाणं करणारा माणूस चपलेकडे बघत राहिला.

"भेव," तो शेवटी म्हणाला. "तू पुण्याले गेली असती तं... तिथं बसल्या बसल्या मले लय भेव वाटलं. तू आवडते मले, आचल. कधीची."

"मलाही," ती म्हणाली, "आणि त्याचा मला फार राग येतो."

अकोल्याची गाडी लागली. आचल कुणी न सांगता सावलीच्या बाजूला जाऊन बसली. गजेंद्र शेजारी टेकला आणि त्याने तोंड उघडलं.

"सर..." तिने बोट रोखलं.

"सल्ला नाही देऊन राहिलो," तो हळूच म्हणाला. "नुसतं... लय बरं वाटून राहिलं."

न विचारता सांगितलेली पहिली भावना! आचलने त्याच्या पिशवीतलं संत्रं काढलं आणि या वेळी तीच सोलायला बसली.