अर्ध्या वाक्यावरचा हुंकार

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला कुणाशी वाद घालायचा नाही.

मी दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायला बसते. घाबरलेली माणसं बघणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे मी स्वतः सहसा घाबरत नाही. आमचे हे म्हणतात, भूत जरी समोर आलं तरी ही त्याला 'बसा, नंबर आला की हाक मारते' असंच सांगेल.

पण गेल्या पानगळीत माझ्या दादाच्या वाचनालयात, ऐन दुपारी, जे झालं ते खरं आहे. मी तिथे होते.

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे घोळ होणार नाही.

दादा ग्रंथपाल आहे. वाचनालय लहानसंच. पुढे कपाटं आणि दादाचं टेबल, मागे एक खोली. त्या खोलीत वहिनी बसून फाटकी पुस्तकं शिवायची. मधल्या भिंतीत पुस्तकं द्यायला-घ्यायला एक छोटी खिडकी आहे, लाकडी झडपेची. दोघं एकमेकांना दिसायची नाहीत, पण ऐकू सगळं जायचं.

दर पानगळीत दारापाशी एक मेज लागायचं. भीतीच्या पुस्तकांचं. दिवस लवकर मावळायला लागले की माणसांना घाबरायची हौस का येते देव जाणे, पण येते. लोक वर्षभर त्या मेजाची वाट बघायचे. आणि त्यावर कुठली पुस्तकं ठेवायची, हे ठरवायची दादा-वहिनीची एक पद्धत होती.

दुपारी वाचनालय बंद असायचं. तेव्हा दादा टेबलाशी बसून मोठ्यानं वाचायचा आणि वहिनी आत शिवता शिवता ऐकायची. दादा भलता खोडकर. गोष्ट ऐन रंगात आली की वाक्य अर्धवट सोडायचा. सावकाश पान उलटायचा आणि गप्प बसायचा.

मग आतून यायचं...

"हं?"

ते आलं की हा पुढे वाचणार. पण एखाद्या पुस्तकाला दादा थांबायचा आणि आतून काहीच यायचं नाही. वहिनीची वाचाच बसलेली असायची.

"उतरलं," दादा म्हणायचा. ते पुस्तक मेजावर जायचं.

वहिनीला गप्प करेल तेच पुस्तक खरं, असा हिशोब. मी तिला चिडवायचे, "वहिनी, एवढी तंतरते तर ऐकतेस कशाला गं?" ती म्हणायची, "अगं, तो बाहेर बसलेला असतो ना. मग भ्यायला काय जातंय?"

त्या पानगळीच्या आधीच्या उन्हाळ्यात वहिनी गेली.

साध्या तापाचं निमित्त झालं. सकाळी माझ्याशी फोनवर हसून बोलली आणि संध्याकाळी नव्हती. दादा रडला नाही. चार दिवसांत वाचनालय उघडून बसला. आम्हाला वाटलं, बरं झालं, कामात मन रमेल.

मन कसलं रमतंय. मी डबा पाठवायचे, तो जसाच्या तसा परत यायचा. दादाचे कपडे त्याच्यावर लोंबायला लागले. वर घसा बसला, तो उठेचना. मी त्याला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "किती बोलता हो तुम्ही? आवाजाला पूर्ण विश्रांती द्या, नाहीतर कायमचा जाईल." दादानं नंदीबैलासारखी मान हलवली.

मला कळेना. एकटा राहणारा माणूस. बोलतो कुणाशी?

मग पानगळ आली. एक शिक्षिका दाढ दाखवायला आमच्या दवाखान्यात आल्या होत्या. गाल धरूनच म्हणाल्या, "तुमच्या दादांचं काय बिनसलंय? मेज लावलंय, पण वर एकसुद्धा पुस्तक नाही. विचारलं तर म्हणतात, यंदा एकही उतरलं नाही."

त्या दुपारी मी सुट्टी टाकली. डबा घेतला आणि स्वतः गेले.

वाचनालयाच्या पायरीवर सुक्या पानांचा ढीग साचला होता. कुणी झाडलाच नव्हता. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकलणार, तेवढ्यात आतून दादाचा आवाज आला. घोगरा, चिरकलेला.

तो वाचत होता.

"गुलाबाची छाटणी करताना फांदी तिरकी कापावी, म्हणजे पाणी..."

तो थांबला. पान उलटल्याचा आवाज आला.

आणि मग...

"हं?"

माझ्या हातातला डबा सुटता सुटता राहिला.

"...साचत नाही," दादा म्हणाला.

मी स्वतःला समजावलं, कुणीतरी कामाला ठेवली असेल. एखादी शिकाऊ मुलगी असेल. मागच्या खोलीला गल्लीतून वेगळं दार आहे, त्याची किल्ली माझ्याकडे असते. मी पाय न वाजवता वळसा घातला आणि कुलूप काढलं.

खोलीत कुणी नव्हतं.

वहिनीचं स्टूल होतं. वाटीत खळ वाळून दगड झाली होती. मेजासाठी शिवता शिवता राहिलेलं एक काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक झडपेपाशी तसंच पडलं होतं. दोऱ्याला सुई लोंबत होती. खिडक्या बंद. वारा नाही.

सुई हलत होती...

भिंतीपलीकडून दादा वाचतच होता. "कुंडीतल्या रोपाला ऊन..." तो थांबला.

"हं?"

आवाज माझ्या कमरेपाशी आला. स्टुलावर बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल, तिथे.

मी कशी बाहेर पडले, मला सांगता येणार नाही. पुढच्या दारानं आत गेले तेव्हा अंगाला घाम सुटला होता. दादानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला सगळं समजलं.

"ऐकलंस?" त्यानं विचारलं. इतका आनंद मी त्याच्या तोंडावर कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मला तेच जास्त भयंकर वाटलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"ती गेली त्याच आठवड्यापासून. एकटंच कसं बसायचं म्हणून वाचायला लागलो. सवयीनं थांबलो, तर तिनं..."

"दादा, आरशात बघितलंयस का स्वतःला? तुझा आवाज जाईल. जीव जाईल."

"जाऊ दे."

"आणि हे गुलाब कसले वाचतोयस?"

तो खाली बघून बोलला. "भीतीचं पुस्तक कसं वाचू? घाबरली की ती गप्प होते. मग परत बोललीच नाही तर?"

मला रडू फुटलं. पण राग त्याहून मोठा होता. वहिनीचा नाही, दादाचाही नाही. माझा एकुलता एक भाऊ माझ्या डोळ्यांदेखत झिजत होता आणि मी डबे पाठवत बसले होते, याचा राग.

मी खिडकीची झडप उघडली. आत न बघता हात घातला, हाताला आलं ते काळं पुस्तक ओढून घेतलं. सुई-दोऱ्यासकट.

"नको," दादा म्हणाला.

"यंदाचं मेज रिकामं जाणार नाही," मी म्हणाले. आणि मध्येच कुठलं तरी पान उघडून मोठ्यानं वाचायला लागले.

ती एका घराची गोष्ट होती. घरात एक बाई. रोज सगळं आवरते, दिवे लावते, हाकेला ओ देते. घरातले मात्र तिच्याशी बोलत नाहीत. मी वाचत गेले. पान संपलं की हुंकार यायचा. नेहमीसारखा. वहिनी मन लावून ऐकत होती.

मग मी एका वाक्यावर आले.

"घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, फक्त तिलाच कुणी सांगितलं नव्हतं, की..."

पुढचे शब्द मला दिसले. मी तिथेच थांबले.

हाताला लागलं ते पुस्तक ओढलं होतं हो मी. मला काय माहीत आत काय आहे?

"हं?"

मी त्या ओळीवर बोट दाबून धरलं.

"हं...?"

या वेळी जवळून. ती स्टुलावरून उठली होती.

दादा माझ्या शेजारी उभा होता. तो तीच ओळ वाचत होता. मी मान हलवली, नको म्हणून. पुस्तक मिटायला गेले, तर त्यानं ते धरलं.

"हं?"

अगदी खिडकीत. झडप उघडीच होती. मी तिकडे बघितलं नाही. आजही देवाचे आभार मानते की बघितलं नाही.

"तिला असं अर्ध्यावर ठेवायचं नाही," दादा पुटपुटला. आणि त्या फाटक्या आवाजात, अगदी हळू, तिला समजावून सांगावं तसं त्यानं ते वाक्य पुरं केलं.

"...की ती गेली आहे."

बाहेर पायरीवरची पानं सरकली.

आतून काही आलं नाही.

आम्ही थांबलो. दादानं पान उलटलं. पुढचं वाक्य अर्धं वाचलं, वाट बघितली. आणखी एक वाचलं.

काही नाही.

तेव्हा दादा रडला. सहा महिन्यांचं सगळं एकदम. मी त्याला धरून जमिनीवरच बसले. शांत झाल्यावर तो उठला, बाहीनं डोळे पुसले, दोऱ्याला गाठ मारून सुई काढून ठेवली आणि ते पुस्तक दारापाशी नेऊन मेजावर ठेवलं.

"उतरलं," तो म्हणाला.

त्या दिवशी माझा भाऊ पोटभर जेवला.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

दादाचा आवाज आता बराच परत आलाय. अंग धरलंय त्यानं. लोकांशी हसतो, बोलतो. सगळे म्हणतात, बहिणीनं भावाला खड्ड्यातून काढलं. मीही मान डोलावते.

पण वाक्य अर्धवट सोडलं होतं ते मी. दादानं नाही.

माझी मुलगी, आम्ही तिला चिमणी म्हणतो, दुसरीत आहे. मध्यंतरी एका संध्याकाळी मी तिला शुद्धलेखन घालत होते. तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून ती आतल्या खोलीत गेली. मी वाक्याच्या मध्येच थांबले.

"हं?"

मला वाटलं, चिमणी. पण चिमणी आत गाणं म्हणत होती. तिचं गाणं मला ऐकू येत होतं.

आवाज माझ्या खुर्चीच्या मागून आला होता.

तेव्हापासून मी वाक्य अर्धवट सोडत नाही. दवाखान्यात सगळे हसतात, म्हणतात फोन आला तरी ही बाई आधी वाक्य संपवते. हसू देत. चुकून थांबले की ते येतं. रागावल्यासारखं नाही. नुसतं वाट बघत असल्यासारखं. ती वहिनीच असेल तर तिला पुढचं काय सांगायचं, मला माहीत नाही. ती नसेल तर... तो विचार मी करत नाही.

दादा भेटला की अजून विचारतो, अगदी सहज विचारल्यासारखं. "तुला कधी काही ऐकू येतं का गं?"

"नाही रे बाबा," मी म्हणते. कारण त्याला कळलं तर तो माझ्या घरात खुर्ची टाकून बसेल, आणि या वेळी मला त्याला उठवता येणार नाही.

आता पुन्हा पानगळ सुरू झाली आहे. काल दादा उत्साहात सांगत होता, यंदाच्या मेजासाठी नवी पुस्तकं आली आहेत. ते ऐकून चिमणीनं हट्ट धरला, मामानंच एक वाचून दाखवायचं, आपल्या घरी. दादा लगेच हो म्हणाला. मी हज्जार कारणं सांगितली. दोघांनी एकही ऐकलं नाही.

रविवारी तो येतोय.

आणि पान उलटताना मध्येच थांबायची त्याची सवय अजून गेलेली नाही.