दुसऱ्या हाकेला ओ

"आधी दूध, मग भूत," पुरुषोत्तमकाका म्हणाले. इंग्लंडात, रीडिंग गावातल्या त्यांच्या घरी कोजागिरीला जमलेली पोरं पेले घेऊन सरसावून बसली. "आणि मध्ये मध्ये बोलायचं नाही. हे यतीनने फक्त मला सांगितलंय. आणि यतीन थापा मारणारा माणूस नाही, त्याला तेवढी कल्पनाशक्तीच नाही."

तर, दोन हजार तेवीस सालची कोजागिरी. अठ्ठावीस ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी चंद्राला ग्रहण होतं, म्हणून सगळ्यांनी दूध उशिरावर ढकललेलं. यतीन गावाबाहेरच्या एका सुपरमार्केटात ड्यूटी मॅनेजर. नाव कशाला हवंय तुम्हाला? दहाला दुकान बंद झालं. त्याने मागची फ्रीझरची खोली रोजच्यासारखी स्वतः उघडून पाहिली. माणसं पांगली. श्रद्धा म्हणून नागपूरची एक विद्यार्थिनी तिथे नवीनच लागली होती. तीही "येते हं, दादा" म्हणाली. यतीनने ऑफिसात तासभर हिशेब उरकला, मग कुलूप घातलं, अलार्म लावला आणि गाडीत येऊन बसला. तेवढ्यात त्याच्या बायकोचा, सीमाचा फोन.

"अरे, दूध आणतोयस ना? दोन मोठ्या बाटल्या. सगळे खोळंबलेत."

सुपरमार्केटच्या मॅनेजरच्या घरी दूध नाही! एरवी त्याला हसू आलं असतं. पण बरेच महिने त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवत होता, कामावर जात होता, पोरीच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवत होता. आत सगळं बधिर.

त्याचं कारण डोरीन. साठीची बाई, आयुष्य त्याच दुकानात गेलेलं. काम संपलं की सगळ्यांना चहा करायची. यतीनच्या चहात न विचारता आलं किसून घालायची. सीमाकडून शिकली होती. आदल्या हिवाळ्यात एका रात्री ती फ्रीझरच्या खोलीत गेली, आणि कोणीतरी माल वाहायचा चाकांचा पिंजरा बाहेरून दाराला टेकवून ठेवला. दार आतून उघडेना. सकाळी सापडली. मग काय, चौकशी झाली, दारापुढे पिवळे पट्टे रंगवले, इथे काही ठेवू नये अशी पाटी लागली. बैल गेला नि झोपा केला.

एक गोष्ट यतीनने चौकशीत सांगितली नाही. त्या रात्री दिवे मालवताना त्याला मागून हाक ऐकू आली होती. दोनदा. आणि आपल्याकडे लहानपणापासून बजावतात ना, रात्री मागून हाक आली तर तिसरी येईपर्यंत ओ द्यायची नाही, भूत तिसरी हाक मारत नाही. तो थांबला. तिसरी आली नाही. तो घरी गेला. जिवंत माणसातही तिसऱ्या हाकेपुरतं त्राण उरत नाही कधी कधी, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"ओ माय गॉड," पोरांमधली पूर्वी म्हणाली. काकांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

तर यतीन पुन्हा आत शिरला. मोठे दिवे बंद. दुधाच्या फ्रीजचा तेवढा पांढरा उजेड, आणि त्याची घरघर. त्याने दोन बाटल्या उचलल्या. वळला.

"यतीन..."

बाईचा आवाज. मागून.

दुकानात कोणी नव्हतं. त्यानेच कुलूप घातलं होतं.

घरघर थांबली.

"यतीन..."

दोन झाल्या. बोटं बाटल्यांना चिकटलेली. तिसरी येऊ दे... तिसरी...

येणार नव्हती. गेल्या वेळीही आली नव्हती.

भूत असेल तर असो. नेऊ दे.

"ओ!" यतीन ओरडला. "ओ! आलो!"

बाटल्या टाकल्या. धावला. मागची खोली. पिवळे पट्टे. पट्ट्यांवर... पिंजरा. भरलेला. ब्रेक न लावलेला. उतारावरून घरंगळत येऊन दाराला टेकलेला. त्याने ओढला. दार उघडलं.

जमिनीवर श्रद्धा. ओठ निळे.

श्वास होता.

त्याने तिला आपल्या कोटात गुंडाळलं, बाहेर आणलं, नाइन-नाइन-नाइनला फोन केला. निघता निघता तिला आठवलं होतं की आपला फोन फ्रीझरच्या खोलीत राहिला, म्हणून ती परत फिरली होती; फोन सापडला, पण आत रेंजच नव्हती. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना तिला जरा कंठ फुटला.

"बरं झालं तू हाक मारलीस," यतीन म्हणाला.

"मी नाही मारली, दादा. आवाजच गेला होता माझा. आणि मी तुम्हाला नुसतं नावाने हाक मारीन का?"

धाकट्या कुशने विचारलं, "काका, मग तो बाई कोण होता?"

एरवी काकांनी त्याचं मराठी सुधारलं असतं. आज सोडून दिलं.

ॲम्ब्युलन्स गेली. यतीन कुलूप घालायला आत आला. स्टाफरूमचा दिवा चालू होता. टेबलावर त्याचा कप. चहाने भरलेला. आल्याचा वास... डोरीन गेल्यापासून त्या खोलीत कोणी आलं आणलं नव्हतं. त्याने कप दोन्ही हातांनी धरला.

चटका बसला.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला काही लागलं. तो खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. बराच वेळ. मग उठला, आणि केटलला हात लावून पाहिला.

केटल थंडगार होती.