कुणाला काही शंका?

एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस हजर.

जांभळेबाईंनी पडद्यावरच्या हजेरीपटावर नजर टाकली आणि रोजच्यासारखं त्यांना बरं वाटलं, तेही जरा थकल्यासारखंच. सोल्मा शहरावर तिसऱ्या वर्षीही तोफगोळे पडत होते, आणि तिथली मुलं तळघरात बसून कराडच्या बाईंचा तास एकदाही बुडवत नव्हती. त्याच सकाळी इथल्या वर्गात, म्हणजे भिंती, पंखे आणि कँटीन शाबूत असलेल्या वर्गात, बासष्टपैकी अठरा जण उगवले होते.

आर्वेनिया देशातल्या सोल्मा तंत्र विद्यापीठाची इमारत युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात जमीनदोस्त झाली. तेव्हा चार देशांतल्या विद्यापीठांनी मिळून 'सहाध्याय' नावाचा करार केला. ज्याच्याकडे जे असेल ते त्यानं द्यायचं. एकानं उपग्रहाचा वेळ दिला, दुसऱ्यानं यंत्रं दिली, तिसऱ्यानं परीक्षा घेऊन पदवी द्यायचं कबूल केलं. कराडच्या कृष्णाकाठ विद्यापीठाकडे देण्यासारखं फारसं नव्हतं, म्हणून त्यांनी जांभळेबाई दिल्या.

केतकी जांभळे सार्वजनिक पाणीपुरवठा शिकवत. सोल्माला हा विषय हवाच होता, कारण नळ कोरडे पडले होते आणि प्रत्येक तळघराचं पाणी तिथले विद्यार्थीच सांभाळत होते. बाईंच्या वाट्याला इथले सोळा तास आणि तिथले चार तास असा आठवडा आला. पहिले काही महिने त्यांनी जीव ओतून शिकवलं. साखर कारखान्याचा भोंगा झाला की त्या पटकन माइक बंद करायच्या, कारण तो हल्ल्याचा इशारा समजून पलीकडची सगळी मुलं टेबलाखाली शिरत. पुढं पुढं जीव ओतायला शिल्लक राहिला नाही. तास तेवढे राहिले.

तास अखंड चालायचा तो 'रफू'मुळे. फोनवर बोलताना आवाजाचे बारीक बारीक तुकडे वाटेत हरवतात. ते आपल्याला कळत नाही, कारण फोन मागचा आवाज बघून हरवलेला तुकडा अंदाजानं भरून काढतो. ही युक्ती जुनीच. विद्यापीठातल्या डॉ. इम्रान मुलाणींनी ती ताणली. यंत्रानं प्रत्येक माणसाचं बोलणं, हसणं, अडखळणं पुरेसं पाहिलं, की त्याचा एक 'ठसा' तयार होतो. संपर्क तुटला की ठसा त्या माणसासारखा बोलत राहतो आणि संपर्क आला की बाजूला होतो. मुलांचे ठसे कराडमध्ये, बाईंचा ठसा सोल्मात. भोक पडलं तरी कापड सलग दिसायचं, म्हणून नाव रफू.

सुरुवातीला रफूची मर्यादा नव्वद सेकंद होती, आणि ठसा बोलत असला की चेहऱ्याच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका दिसायचा. पुढं मर्यादा दहा मिनिटं झाली, मग अख्खा तास, मग कितीही. ठिपकाही गेला. ठिपक्यानं लक्ष विचलित होतं, मुलंही खचतात, असा अर्ज सहाध्याय समितीकडे गेला होता. अर्जावर सही जांभळेबाईंची होती. त्या काळात तुटक तुटक शिकवून त्यांचं डोकं उठायचं, आणि सही करताना आपण काही फार मोठं मागतो आहोत असं त्यांना मुळीच वाटलं नव्हतं.

त्या गुरुवारी तास संपवताना त्यांनी सवयीनं विचारलं, "कुणाला काही शंका?"

"मॅडम, शंका!"

ही ओर्सा. केसांत पेन्सिल खोचलेली, वर्गातली सगळ्यात चिकाटीची मुलगी. बाकीचं तिचं बोलणं अनुवादयंत्र मराठीत आणायचं, पण 'शंका' हा शब्द ती स्वतः उच्चारायची. तिनं शिकलेला तो एकुलता एक मराठी शब्द.

"वाळूच्या गाळणीवर हिरवी साय जमते," यंत्र तिच्या वतीनं पुस्तकी मराठीत बोललं, "ती खरवडावी, की तशीच राहू द्यावी?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. हीच शंका, हेच शब्द. विचारून झाल्यावर पेन्सिल काढून पुन्हा खोचणंही तेच.

"हे तू मागं विचारलं होतंस ना गं?"

"हो मॅडम. आठवलं. क्षमस्व."

तास संपला. बाईंनी आपली टाचणवही काढली. शंका कुणी काय विचारली हे टिपून ठेवायची त्यांची जुनी सवय होती. उत्तरं द्यायची सवय मात्र हळूहळू सुटली होती. ओर्सा नेमकी शेवटच्या मिनिटाला हात वर करायची. चहा समोर दिसत असताना नवी शंका अंगावर यायची. मग बाई हसून म्हणायच्या, "चांगली शंका आहे. पुढच्या तासाला बघू." पुढच्या तासाला पुढचा धडा असायचा.

वहीत पाच आठवड्यांत एकही नवी शंका नव्हती. होत्या त्या सगळ्या आधीच्याच, उलटसुलट क्रमानं. बाई वही घेऊन तशाच जिना चढल्या.

मुलाणींची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली होती. बाईंनी वही त्यांच्यापुढं ठेवली. मुलाणींनी ती चाळली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सोल्माची लाइन गेल्या महिन्याच्या तीन तारखेलाच तुटली, मॅडम. आज छत्तीस दिवस झाले."

"पण माझा वर्ग चालू आहे! एक्केचाळीस जण हजर आहेत!"

"ठसे हजर आहेत. ठसा कशाला बुडवतोय तास?"

"म्हणजे छत्तीस दिवस मी..." त्यांनी वही पुढ्यात ओढली. "तुम्ही सांगितलं का नाही?"

"दर सोमवारी अहवाल पाठवतो की. तुम्हाला, समितीला, चारी विद्यापीठांना."

ते अहवाल बाईंनी उघडलेसुद्धा नव्हते. समितीनं निदान एक ओळ वाचली असावी, कारण तिचं पत्र आलं होतं: हजेरी शंभर टक्के, समाधानकारक.

"रफूला नवी शंका का सुचत नाही?"

"माझे अब्बा इस्लामपूरला रफू करायचे," मुलाणी म्हणाले. "भोकाशेजारचाच धागा काढून भोक भरायचं, एवढंच काम. कापडात नसलेला रंग रफूत कुठनं येणार? ठसा जुन्यातलंच काढून देतो. आणि शंका ही तर नवीच गोष्ट असते."

"आणि तिकडं? खरी मुलं कुठं आहेत?"

"तळघरात. तिथलं संगणकांचं आतलं जाळं बॅटरीवर चालतंय. त्यांनाही वाटतंय तास चालू आहे." मुलाणींनी नजर चुकवली. "तुमचा ठसा शिकवतोय त्यांना."

बाहेर भोंगा झाला. दोघांपैकी कुणी हललं नाही.

उपग्रहाची एक फट मात्र अजून मिळत होती: दर पाच दिवसांनी सहा मिनिटं, अक्षरं जातील येतील एवढीच. मागच्या फटीत सोल्माहून तिथल्या तासांची नोंद आली होती. मुलाणींनी ती यंत्राची तब्येत बघण्यापुरती उघडून ठेवून दिली होती. आता दोघं ती शब्दन् शब्द वाचू लागले.

खरी हजेरी एक्केचाळीसवरून निघाली होती. मग अडतीस, तीस. शेवटच्या तासाला तेवीस. आणि जवळजवळ प्रत्येक तासाच्या शेवटी, "मॅडम, शंका!"

'मॅडम, आमच्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन घालते, पण अर्ध्या तासानं चाचणीच्या नळीत पिवळा रंग येतच नाही. क्लोरीन जाते कुठे? डोस वाढवू, की विहीर बंद करू? या विहिरीवर सहाशे माणसे आहेत.'

खाली उत्तर: 'चांगली शंका आहे. पुढच्या तासाला बघू.'

पुढच्या तासाला: 'मॅडम, तीच शंका. आता लहान मुलांना जुलाब लागले आहेत.' 'चांगली शंका आहे. पुढच्या तासाला बघू.'

सहा वेळा शंका, सहा वेळा तेच उत्तर.

"हे मी बोललेले नाही!" बाई जवळजवळ ओरडल्या. "विहिरीत मैलापाणी शिरतंय, ते सगळं क्लोरीन खाऊन टाकतंय. दुसऱ्या वर्षाचं पोरगंसुद्धा सांगेल. मी अशा शंकेला पुढच्या तासाला बघू म्हणाले असते का?"

मुलाणींनी नोंद वर सरकवली. ही शंका ओर्सानं सगळ्यात आधी विचारली तो दिवस दोन तारखेचा होता. तास संपत आलेला, पाचला दोन मिनिटं कमी. पिवळा रंग, क्लोरीन, सहाशे माणसं, सगळं त्यात होतं. खाली तेच उत्तर.

"त्या दिवशी लाइन चालू होती, मॅडम," ते हळूच म्हणाले.

बाईंना तो दिवस आठवायचा प्रयत्न करूनही आठवला नाही. तसे दिवस फार होते. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायलाही आपल्यात त्राण उरलेलं नाही याची आणखी लाज वाटली.

"तो ठसा बंद करा, सर. आत्ताच्या आत्ता."

"आपल्याला न्हाई करता येत. बाहेरून कुणी वर्ग बंद पाडू नये म्हणून ती किल्ली करारानं सोल्माच्या संचालकांकडं ठेवलीय. आणि त्यांचा पत्ता दोन आठवडे कुणालाच न्हाई."

पुढची फट त्याच दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी होती. तोवर बाईंनी चार वेळा मजकूर लिहिला आणि खोडला. शेवटी गेला तो असा:

'ओर्सा, मी केतकी जांभळे. क्लोरीन नाहीसं होतंय कारण विहिरीत मैलापाणी शिरतं आहे. डोस वाढवून भागणार नाही. विहीर आजच बंद कर. दुसरीकडचं पाणी आणून, उकळून द्या. दोन तारखेलाच हे सांगायला हवं होतं, चुकलं माझं. सध्या तुमच्या पडद्यावर शिकवते ती मी नाही, माझा ठसा आहे.'

पहिलं मिनिट गेलं, दुसरं गेलं. चौथ्या मिनिटाला उत्तर आलं.

'संदेश मिळाला. असे खोटे संदेश यापूर्वीही आले आहेत. शेजारच्या तळघराने अशाच एका संदेशावरून विहीर बंद केली. लोक पाणी आणण्यास बाहेर पडले आणि त्यांच्यावर मारा झाला. आपण आमच्या मॅडम असल्याचे कशावरून?'

"काहीतरी सांगा त्यांना, तुम्हालाच माहीत असलेलं," मुलाणी घाईनं म्हणाले. "वर्गातलं नको, ते सगळं ठशाला पाठ आहे. वर्गाबाहेर कधी बोलला होता तिच्याशी? घरचं, आवडीनिवडी, काहीही?"

बाई आठवू लागल्या. एकदा ओर्सानं विचारलं होतं, तासानंतर दोन मिनिटं थांबता का? त्या तेव्हा काय म्हणाल्या असतील, हे आठवण्याची गरज नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या. "कधीच नाही."

तरी त्यांनी लिहिलं, 'विश्वास ठेव, बाळा. मीच आहे.' मग शेवटची ओळ आली.

'आमच्या मॅडम शंकेचे उत्तर असे लगेच देत नाहीत. त्या बाळा म्हणत नाहीत. उद्याच्या तासाला आम्ही विहिरीबद्दल त्यांनाच समोरासमोर विचारू. त्या सांगतील तसे करू. ओर्सा.'

फट मिटली. पुढची पाच दिवसांनी.

"मी इथं आता प्रत्येक शंकेचं उत्तर देत गेले," बाईंनी विचारलं, "तर ठसा सुधारेल का हो?"

"सुधारंल की. पण इथं ठेवलेली त्याची प्रत. तिथल्यापर्यंत पोचायला लाइन लागंल."

शुक्रवारी दहाला बाई वर्गात आल्या. यायचं काही कारण नव्हतं, पण घरी बसवेना. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस हजर. त्यांनी नेमलेला धडा बाजूला ठेवला आणि मैलापाणी विहिरीत कसं शिरतं, क्लोरीन कसं संपतं, विहीर कधी बंद करायची, हे पाऊण तास शिकवलं. पहिल्या वर्षी शिकवत होत्या तसं. समोरचे चेहरे माना डोलावत होते.

"कुणाला काही शंका?"

"मॅडम, शंका!" ओर्सानं पेन्सिल काढून पुन्हा खोचली. "वाळूच्या गाळणीवर हिरवी साय जमते, ती खरवडावी, की तशीच राहू द्यावी?"

बाईंनी याही शंकेचं उत्तर दिलं, अगदी शेवटपर्यंत. घड्याळात पाचला दोन मिनिटं नव्हे, अकराला दोन मिनिटं कमी होती. तिकडं तळघरात तेवीस जण, किंवा आज त्याहूनही कमी, आपल्या मॅडमकडं बघत असतील. खरी ओर्सा उभी राहून विचारत असेल, विहीर बंद करू का? आणि पडद्यावरच्या मॅडम, जराही न थकता, प्रेमानं हसून सांगत असतील, "चांगली शंका आहे. पुढच्या तासाला बघू."