अंबाजोगाईचं ऊन

टायटनच्या बर्फाखालच्या वसाहतीत दुपार बटण दाबून व्हायची. शनीच्या या चंद्रावर सूर्य नावापुरताच, आणि खाली बोगद्यांत तर तोही नाही. तिथं जन्मलेल्या मुलांना त्याचं काही वाटत नसे. जे कधी चाखलंच नाही, त्याची आठवण कशी येणार?

आठवण यायची ती कुमुदिनीमावशींना. पृथ्वीवर जन्मलेल्यांपैकी आता त्या एकट्याच उरल्या होत्या. परतीचा प्रवास त्यांच्या हाडांना झेपणारा नव्हता. त्यात डोळेही चालले होते; थोड्याच दिवसांत दिसायचं बंद होईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी अंबाजोगाईच्या अंगणातलं दुपारचं ऊन एकदा डोळे भरून पाहायचं, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला. धरला तो चैतन्य रणपिसेकडे. तो दिव्यांचा शास्त्रज्ञ, टायटनवरच जन्मलेला, मावशींच्या तोंडून त्या उन्हाच्या गोष्टी ऐकत वाढलेला. ते ऊन बघायची ओढ त्यालाही काही कमी नव्हती.

आपले दिवे पांढरेच तर आहेत, मग त्यांत ऊन का नाही, असं मावशींनी विचारलं. त्यानं समजावलं. दिव्याला आतून दीप्तकाचा लेप असतो. दीप्तक म्हणजे अशी भुकटी, की तिच्यावर जांभळा किरण पडला की ती स्वतःच्या रंगात उजळते. रंग कोणता, हे ठरतं तिच्यात मिसळलेल्या चिमूटभर दुर्मिळ धातूवरून, दुधाला विरजण लावावं तसं. टर्बियमनं हिरवा. युरोपियमनं लाल, आणि भुकटी बदलली तर निळाही. हे तीन रंग एकत्र आले की डोळा फसतो आणि त्यांना पांढरं म्हणतो. उन्हात मात्र मधले सगळे रंग असतात.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही तिघांवरच भागवलं म्हणायचं," मावशी म्हणाल्या.

चैतन्यनं कसर ठेवली नाही. कितीतरी धातूंची दीप्तकं मिसळून त्यानं दिवा घडवला आणि त्याचा प्रकाश पृथ्वीवरच्या मोजमापांशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळला. बंद खोलीत दिवा लावून त्यानं मावशींना बसवलं. त्यांनी माहेरहून आणलेली कुंकवाची डबी उघडली, आणि त्यांचा चेहराच पडला.

"हे नव्हे रे. कुंकू बघ कसं विटल्यासारखं दिसतंय. आमच्या उन्हात ते पेटायचं."

मोजमापांत काही राहून गेलं असेल, पाहिलेल्या माणसाचंच खरं, असं मानून त्यानं सगळं मावशींवर सोपवलं. त्या सांगायच्या, पिवळं कमी कर, लाल वाढव, तो करायचा. रोज थोडं थोडं. एके दिवशी त्या बोलायच्या थांबल्या. गालांवरून पाणी ओघळत होतं.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच आमचं ऊन. पांग फेडलेस बाळा."

चैतन्यही भारावला. आपण अखेर पृथ्वीवरचं ऊन पाहतोय, या आनंदात त्यानं प्रकाशातले रंग मोजणाऱ्या यंत्राकडे नजर टाकली. पडद्यावर तीनच रेघा उभ्या होत्या. मधले सगळे रंग मावशींनी एकेक करून काढून टाकले होते. उरला होता तो बोगद्यातलाच दिवा.

त्याला उमगलं. मावशींनी अंगण जेव्हा जेव्हा आठवलं, तेव्हा ते या दिव्यांखाली बसून आठवलं, आणि दर वेळी आठवणीवर या उजेडाचा एकेक हात फिरत गेला. खरं ऊन पहिल्याच दिवशी खोलीत पडलं होतं. ते ओळखणारं माणूस आता टायटनवर उरलं नव्हतं. त्यानं स्वतः ते धड पाहिलंही नव्हतं. त्या वेळी तो मावशींच्या चेहऱ्याकडे बघत होता.

तो बाहेर पडू लागला.

"चैतन्य," मावशींनी हाक मारली, "दार नीट ओढून घे. बाहेरचा उजेड आत आला की ऊन बिघडतं."

त्यानं दार ओढून घेतलं, आणि फट राहू नये म्हणून हातानं एकदा दाबून पाहिलं.